हळू उघडणारे पान

वाचनाच्या बाबतीत मला एक वाईट खोड लागली आहे. दुव्यावर बोट ठेवल्यानंतर पान उघडायला चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, की मी ते सोडून देतो आणि दुसरीकडे वळतो. ज्या पुस्तकांवर कधीकाळी बंदी आली होती, त्यांतली काही मी हट्टाने मिळवून वाचली आहेत. पाने पिवळी पडली होती, छपाई पुसट होती, तरी वाचली. हळू उघडणाऱ्या पानाकडे मात्र मी कधी परत गेलो, असे मला आठवत नाही. बंदी असते तेव्हा ती घालणारा कोणीतरी असतो, तिचा लेखी हुकूम असतो, त्या हुकुमाविरुद्ध न्यायालयात जाता येते, आणि बंदीमुळेच वाचकाचे कुतूहल चाळवते. मंद गतीच्या वाट्याला यांतले काहीच येत नाही. पान रेंगाळले तर मी लिहिणाऱ्याला दोष देतो, हातातल्या फोनला देतो, पावसापाण्याला देतो. मधल्या वाटेवर कोणी हात आडवा धरला असेल, अशी शंकाही मनाला शिवत नाही.

नेट न्यूट्रॅलिटी या विषयाकडे मी या खोडीमुळे ओढला गेलो. ज्या कंपनीच्या तारांवरून किंवा लहरींवरून इंटरनेट आपल्यापर्यंत पोहोचते, तिने कायदेशीर असलेला सगळा मजकूर एकाच रीतीने वाहून न्यावा, त्यातला कोणताही अडवू नये, मुद्दाम मंद करू नये आणि पैसे घेऊन कोणाला पुढे काढू नये, एवढाच त्याचा गाभा आहे. हा शब्दप्रयोग टिम वू या अमेरिकी कायदेतज्ज्ञाने 2003 मधल्या एका शोधनिबंधात रूढ केला. तेव्हापासून बहुतेक चर्चा कोणी किती गुंतवणूक केली आणि कोणी कोणाकडून किती वसूल करावे, या व्यापारी हिशेबाभोवती फिरत राहिली आहे. मला तो पहिल्यापासून बोलण्याचा आणि ऐकले जाण्याचा प्रश्न वाटत आला.

मराठीत या संकल्पनेला कोणी 'नेट समानता' म्हणतात, कोणी 'तटस्थता'. दुसरा शब्द मला जास्त आवडतो, पण तो इथे गमतीदार रीतीने अडखळतो. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. प्रवाह वाहतो आहे आणि हा काठावरून पाहतो आहे. इथे ज्याच्याकडून तटस्थतेची अपेक्षा आहे, तो काठावर उभा नाहीच. तो नावाडी आहे, वल्हे त्याच्या हातात आहे आणि घाटही त्याच्याच मालकीचा आहे. उतारू कोण, कुठे आणि कशासाठी निघाला, हे न विचारता त्याने नाव हाकावी, अशी ती अपेक्षा आहे. पाहणाऱ्याची अलिप्तता सोपी असते. वाहून नेणाऱ्याकडून ती मागावी लागते, आणि बहुतेक वेळा नियम करूनच मिळवावी लागते.

नावाड्याने नावेत पक्षपात केला तर काय होते, याची एक जुनी गोष्ट टेलिफोनच्या इतिहासात सांगितली जाते. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमध्ये आल्मन स्ट्राउजर नावाचा एक गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा व्यवसाय करीत असे. त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जोडणी करून देण्याचे काम करी, आणि स्ट्राउजरकडे येणारे फोन ती आपल्या नवऱ्याकडे वळवते, असा त्याचा संशय होता. संशय कितपत खरा होता हे बाजूला ठेवू. गोष्ट थोडी रंगवलेलीही असेल. पण त्यातून त्याने मधल्या माणसाशिवाय चालणारे स्वयंचलित एक्स्चेंज तयार केले आणि 1891 मध्ये त्याचे पेटंट मिळवले, एवढे नक्की. मला या गोष्टीत फोन करणाऱ्यांचे नेहमी आश्चर्य वाटते. घरात मृत्यू झालेला, मन थाऱ्यावर नाही, पलीकडून कोणीतरी आपुलकीने बोलले आणि काम झाले. आपला फोन दुसरीकडेच लागला हे त्यांना कळलेच नसेल, आणि त्यांनी तक्रार तरी कोणाकडे केली असती?

इंटरनेट ज्यांनी रचले त्यांनी मधल्या माणसाची ही भानगड मुळातच टाळली होती. जेरोम सॉल्ट्झर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क यांनी 1981 मध्ये मांडलेल्या आणि 1984 मध्ये विस्ताराने प्रसिद्ध केलेल्या एका निबंधाचा सारांश असा, की शहाणपण दोन टोकांच्या यंत्रांत असावे आणि मधल्या जाळ्याने फक्त वाहतूक करावी. मजकुराचे लहान लहान तुकडे पडतात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो, आणि वाटेतली यंत्रे पत्ता वाचून तो तुकडा पुढे ढकलतात. आतमध्ये प्रेमपत्र आहे, हिशेब आहे की शिवीगाळ, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. पुढे पाकिटाच्या आत डोकावणारी यंत्रे स्वस्त आणि वेगवान झाली, आणि वाहतूक करणाऱ्याला आतला माल ओळखता येऊ लागला. आज बहुतेक मजकूर कुलूपबंद असतो हे खरे, पण तो कोणत्या ठिकाणाहून निघाला आणि कोणत्या आकाराच्या लाटांनी येतो आहे, एवढ्यावरूनही पुष्कळ ओळखता येते.

मंद गतीचा पुरावा गोळा करणे किती कठीण असते, ते 2007 मध्ये दिसले. कॉमकास्ट या अमेरिकी कंपनीच्या एका तंत्रज्ञ ग्राहकाला आपली बिटटॉरंटवरची, म्हणजे यंत्रायंत्रांत थेट फाइली वाटण्याच्या पद्धतीवरची, देवाणघेवाण सारखी तुटते असे जाणवले. तो जुनी, स्वामित्वहक्क संपलेली गाणी रसिकांना वाटत होता. खोलात गेल्यावर त्याला आढळले, की दोन टोकांची यंत्रे परस्परांशी बोलत असताना मधूनच 'आता बोलणे थांबवू' असा निरोप येतो आणि तो निरोप दोघांपैकी कोणीच पाठवलेला नसतो. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने पडताळा घेण्यासाठी बायबलची इंग्रजी प्रत पाठवून पाहिली, तीही अडली. कंपनीने आधी इन्कार केला, नंतर हे वाहतुकीचे व्यवस्थापन आहे असे सांगितले. माझ्या दृष्टीने या प्रकरणात वेग कमी होण्यापेक्षा भयंकर गोष्ट तो खोटा निरोप आहे. मध्यस्थाने दोघांच्या आवाजांची नक्कल करून दोघांनाही फोन ठेवायला लावला होता. ज्याला तारेवरचे तुकडे वेगळे काढून वाचता येतात असा माणूस योगायोगाने ग्राहक नसता, तर हे 'नेट खराब आहे' या सदरात जमा झाले असते.

त्याआधी 2005 मध्ये कॅनडात जे घडले त्यात तर तांत्रिक सबबही नव्हती. टेलस या दूरसंचार कंपनीत कामगारांचा संघर्ष पेटलेला असताना कामगारांच्या बाजूने चालवले जाणारे एक संकेतस्थळ कंपनीने आपल्या ग्राहकांसाठी बंद केले. तिने ज्या पत्त्यावर कुलूप लावले, त्याच पत्त्यावर राहणारी, या भांडणाशी काडीचाही संबंध नसलेली 700 हून अधिक संकेतस्थळेही त्याबरोबर बंद झाली. चाळीतल्या एका बिऱ्हाडाशी भांडण झाले म्हणून साऱ्या चाळीचा दरवाजा बाहेरून लावून घेण्यासारखे हे होते. 2007 मध्ये व्हेरायझन वायरलेसने गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने काम करणाऱ्या एका संघटनेची लघुसंदेश योजना नाकारली होती. वृत्तपत्रांत बोभाटा होताच कंपनीने निर्णय फिरवला. संदेश मागवणाऱ्या लोकांनी तो स्वतःहून मागवलेला होता, म्हणजे बोलणारा राजी होता, ऐकणाराही राजी होता, आणि तरीही निरोप्याला विषय पसंत नव्हता.

अमेरिकेतल्या नियमांचा पुढचा इतिहास मी थोडक्यात उरकतो, कारण तो झोक्याचा इतिहास आहे. 26 फेब्रुवारी 2015 रोजी तिथल्या दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, तीन विरुद्ध दोन मतांनी इंटरनेट सेवेला टेलिफोनसारखी सार्वजनिक वाहतूक मानले. 14 डिसेंबर 2017 रोजी बदललेल्या आयोगाने तितक्याच फरकाने ते रद्द केले. एप्रिल 2024 मध्ये पुन्हा तीन विरुद्ध दोन मतांनी नियम आणले. आणि 2 जानेवारी 2025 रोजी तिथल्या सहाव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने असे नियम करण्याचा आयोगाला अधिकारच नाही, असे सांगून ते मोडीत काढले. कॅलिफोर्नियासारख्या राज्याने 2018 मध्ये स्वतःचा कायदा केला, तो मात्र टिकला. 2017 मध्ये आयोगाकडे 2 कोटी 20 लाखांच्या आसपास प्रतिक्रिया आल्या होत्या. न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयाने 2021 मध्ये जाहीर केलेल्या अहवालानुसार त्यांतल्या सुमारे 1 कोटी 80 लाख बनावट होत्या. जवळपास 85 लाख इंटरनेट कंपन्यांच्या पैशावर चाललेल्या मोहिमेतून लोकांच्या नावांवर खपवल्या गेल्या होत्या, तर नियमांच्या बाजूच्या 77 लाख प्रतिक्रिया 19 वर्षांच्या एकाच विद्यार्थ्याने यंत्राकरवी पाठवल्या होत्या. मोकळ्या बोलण्यासाठी चाललेल्या लढाईत दोन्ही बाजूंनी न बोललेल्या माणसांना बोलते केले, यावर हसावे की कसे, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

या साऱ्या गदारोळात माझे मन एका न्यायालयीन वादावर खिळून राहिले. कंपन्यांचे म्हणणे असे, की वृत्तपत्राचा संपादक जसा काय छापावे ते ठरवतो, तसा काय वाहावे हे ठरवण्याचा आम्हाला अधिकार आहे आणि तटस्थतेचा नियम म्हणजे आमच्याच अभिव्यक्तीवरचा घाला आहे. 2017 मध्ये ब्रेट कॅव्हनॉ या न्यायाधीशांनी, जे पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेले, आपल्या विरोधी मतात हा युक्तिवाद उचलून धरला. त्याला श्री श्रीनिवासन आणि डेव्हिड टॅटल या सहकारी न्यायाधीशांनी जे उत्तर दिले, ते मला फार मार्मिक वाटते. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की जी कंपनी ग्राहकाला आधीच स्पष्ट सांगेल की आम्ही सगळे इंटरनेट देत नाही, आम्ही निवडक मजकूरच दाखवतो, तिला हा नियम लागूच होत नाही. संपादक व्हायचे असेल तर पाटीवर तसे लिहा. पाटीवर 'संपूर्ण इंटरनेट' लिहायचे, पैसे संपूर्ण इंटरनेटचे घ्यायचे आणि आतून संपादन करायचे, हे चालणार नाही. अशी पाटी लावायला कोणी मोठी कंपनी धावत पुढे आली नाही, यातच त्या अभिव्यक्तीची कळकळ किती होती ते कळते.

तरीही तो युक्तिवाद मी सहज झटकू शकत नाही, आणि त्याचे कारण आपल्याच घरातले आहे. वृत्तपत्राने किमतीच्या प्रमाणात किती पाने द्यावीत, हे ठरवणारा कायदा केंद्र सरकारने 1956 मध्ये केला आणि 1960 मध्ये तसा आदेश काढला. मोठ्या, पैसेवाल्या वृत्तपत्रांनी लहानांना गिळू नये, असा हेतू सांगितला गेला. पुण्याच्या 'सकाळ'ने त्याला आव्हान दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य काय लिहिले जाते एवढ्यापुरते नसते, ते किती लोकांपर्यंत पोहोचते यालाही असते, असे तो निकाल सांगतो. किंमत वाढवायला लावून खप घटवणे म्हणजे तोंड दाबण्यासारखेच आहे. मंद गतीविषयी मला जे म्हणायचे आहे त्याला याहून भक्कम आधार सापडणार नाही. पण त्याच निकालात एक धारही आहे: लहानांच्या भल्यासाठी का होईना, सरकारने किमतीत हात घालू नये, असे तो सांगतो. मग 2016 मध्ये भारताच्या दूरसंचार नियामकाने, म्हणजे ट्रायने, इंटरनेटच्या दरात हात घातला, ते योग्य कसे?

माझे उत्तर 'सकाळ' बोलणारा होता, या एका गोष्टीवर उभे आहे. त्याची पाने ही त्याची स्वतःची वाणी होती, आणि ती छापून घराघरांत नेण्यासाठी लागणारे टपाल आणि रेल्वे यांनी त्यातला अग्रलेख वाचून भाडे ठरवले नाही. दूरसंचार कंपनी या चित्रात टपालाच्या जागी आहे. टपालखाते वृत्तपत्रांना सवलतीचा दर देई, हे कोणी पुढे करील. बरोबर आहे, पण ती सवलत नोंदणी झालेल्या साऱ्या वृत्तपत्रांना होती, सरकारची बाजू घेणाऱ्यांना वेगळी आणि टीका करणाऱ्यांना वेगळी अशी नव्हती. हे उत्तर अगदी निर्दोष आहे असा माझा दावा नाही. जी कंपनी वाहतूकही करते आणि स्वतःची चित्रवाणी व बातम्याही विकते, ती नावाडीही असते आणि उतारूही.

भारतातला तो वाद आठवताना तारखांचा एक योग मला नेहमी खुणावतो. 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम 66-अ रद्द केले. इंटरनेटवरच्या त्रासदायक वाटणाऱ्या शब्दासाठी माणसाला अटक करण्याचा तो मार्ग बंद झाला. त्यानंतर तीनच दिवसांनी, 27 मार्चला, ट्रायने इंटरनेटवरून चालणाऱ्या सेवांविषयीचा सल्लामसलतीचा मसुदा प्रसिद्ध केला, ज्यातून कंपन्यांना वेगवेगळ्या सेवांसाठी वेगवेगळे दर लावण्याची वाट मोकळी होईल अशी भीती निर्माण झाली. पहिली बातमी पहिल्या पानावर झळकली. दुसरी कोणाच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. लक्षात आल्यावर मात्र दहा लाखांहून अधिक लोकांनी ट्रायला ईमेल लिहिले, आणि ट्रायने ते पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट जसेच्या तसे आपल्या संकेतस्थळावर टाकून दिले. मतस्वातंत्र्यासाठी बोलणाऱ्याला एका दिवसात जाहिरातबाजांच्या यादीत नेऊन बसवण्याची ती कल्पना कोणाच्या डोक्यातून निघाली असेल, देव जाणे.

त्याच वर्षी फेसबुकने भारतात सुरू केलेली इंटरनेट डॉट ऑर्ग, जिचे नंतर 'फ्री बेसिक्स' असे नामकरण झाले, ही योजना या वादातली सर्वांत अवघड गोष्ट होती. ज्याला इंटरनेट परवडत नाही त्याला निवडक संकेतस्थळे फुकट. निवडीच्या अटी फेसबुकच्या, आणि वाहतूकही फेसबुकच्या यंत्रांमधून. काहीच नसण्यापेक्षा थोडे मिळाले तर काय बिघडले, हा प्रश्न ज्याच्या हातात सगळे इंटरनेट आहे त्याने तुच्छतेने उडवून लावणे मला अशोभनीय वाटत असे, आणि त्या वर्षी मी बरेच दिवस कुंपणावर बसून होतो. मला कुंपणावरून खाली उतरवले ते कोणत्याही भाषणाने नव्हे. एकदा मी ठरावीक सेवांचा वापर मोजणीत न धरणारी एक योजना काही महिने वापरली, आणि बातमीतला दुवा दिसला की माझे बोट आपोआप मागे येऊ लागले, कारण तो दुवा त्या फुकटच्या अंगणाबाहेर नेणारा होता. मथळा वाचायचा, खालची भांडणे वाचायची, आणि मूळ लेख न उघडता मत बनवून मोकळे व्हायचे, असे माझे चालले होते. कोणी मला मूळ लेख वाचू नको म्हणून सांगितले नव्हते. फक्त एका बाजूला मीटर फिरत होते आणि दुसऱ्या बाजूला फिरत नव्हते.

8 फेब्रुवारी 2016 रोजी ट्रायने मजकुरानुसार वेगवेगळे दर लावण्यावर बंदी घालणारा विनियम काढला. सोबतच्या स्पष्टीकरणात राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमाचा आणि 1995 मधल्या क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्याचा आधार घेतला होता, ज्यात लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून नागरिकाला विविध मते ऐकायला मिळण्याचा हक्क आहे, असे म्हटले गेले होते. अमेरिकेत जो वाद 'ही सेवा दूरसंचार की माहिती' या वर्गवारीच्या चिखलात रुतला, तो इथे निदान त्या कागदावर तरी ऐकणाऱ्याच्या हक्काच्या भाषेत मांडला गेला. 2018 मध्ये अडवणे, मंद करणे आणि झुकते माप देणे यांवरची बंदी परवान्यांच्या अटींतही आली.

पण हे नियम कंपन्यांना बांधतात. सरकारचा कायदेशीर आदेश त्यांच्या कक्षेबाहेर राहतो. जम्मू-काश्मीरमध्ये ऑगस्ट 2019 मध्ये बंद झालेले इंटरनेट जानेवारी 2020 मध्ये हळूहळू परत येऊ लागले, तेव्हा ते कसे आले हे मुद्दाम आठवण्यासारखे आहे. सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारीला अनुराधा भसीन खटल्यात इंटरनेटवरून होणाऱ्या अभिव्यक्तीला घटनेचे संरक्षण असल्याचे सांगितले. आणि त्या महिन्यात लोकांना मिळाले ते 150 च्या आसपास मंजूर संकेतस्थळांचे, टू-जी वेगाचे इंटरनेट. मार्चमध्ये यादी गेली, वेगाची मर्यादा मात्र बहुतांश जिल्ह्यांत फेब्रुवारी 2021 पर्यंत टिकली. तटस्थतेच्या विरोधकांनी आणि समर्थकांनी वर्षानुवर्षे 'कल्पना करा' म्हणून जे चित्र रंगवले होते, ठरावीक पानांची यादी आणि बाकी सारे मुंगीच्या पावलांनी, ते कोणाच्या नफ्यासाठी नव्हे तर सरकारी आदेशाने प्रत्यक्षात उतरले होते. टाळेबंदीच्या काळात मुलांचे वर्ग आणि डॉक्टरांचा परस्पर सल्ला त्याच गतीवर चालला. 'इंटरनेट सुरू आहे' हे विधान त्या काळात कागदोपत्री खरे होते.

या विषयावर लिहिताना माझ्या मनात एक अडचण सतत टोचत असते. कोणाची काहीही कारस्थाने नसतानाही गती सारखी नसते. मोठ्या कंपन्या आपल्या मजकुराच्या प्रती ठिकठिकाणच्या साठ्यांत, अनेकदा थेट सेवा देणाऱ्या कंपनीच्याच इमारतीत, ठेवतात. एकट्या माणसाचा लेख समुद्रापलीकडच्या एखाद्या स्वस्त यंत्रावर असतो आणि तिथून निघून येतो. शेवटच्या तारेवर दोघांना समान वागणूक मिळाली, तरी एकजण दारात उभा आहे आणि दुसऱ्याला लांबून चालत यायचे आहे. शिवाय दारात पोहोचल्यावरही कोणाचे म्हणणे कोणाला दिसावे, हे आज समाजमाध्यमांची गणिते ठरवतात आणि त्यांना नेट न्यूट्रॅलिटीचा कोणताही नियम शिवत नाही. या गोष्टी दाखवून काही जण म्हणतात, की मग तारेवरच्या तटस्थतेचा आग्रह कशाला. मला हे म्हणणे उलटे वाटते. समाजमाध्यम आवडले नाही तर मी दुसरे शोधू शकतो, निदान लेखकाच्या स्वतःच्या पानावर जाऊ शकतो. पण ती दुसरीकडे जाण्याची वाटच ज्याच्या हातात आहे, त्याला टाळून मी कुठून जाणार?

अलीकडे मी माझ्या खोडीवर एक लहानसा उपाय सुरू केला आहे. पान रेंगाळले तर मनातल्या मनात तीसपर्यंत मोजतो आणि तोवर बोट आवरून धरतो. गेल्या आठवड्यात एका अनोळखी माणसाचा पाणवनस्पतींवरचा लेख असाच अठ्ठाविसाव्या आकड्याला उघडला. कोणीही त्याला अडवलेले नव्हते. त्याने स्वतः काढलेली बारा छायाचित्रे मूळ आकारातच चढवली होती, आणि प्रत्येक छायाचित्र वरून खाली, पडदा ओढल्यासारखे, हळूहळू उलगडत गेले. तेराव्या जागी नुसती चौकट होती. ती मात्र शेवटपर्यंत भरली नाही, आणि का भरली नाही ते मला कळले नाही.